सांगण्याप्रमाणे बरोबर

वडील गेले त्या वर्षी मी शहाद्यात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते आणि पीएच.डी.साठी जबाब वाचत होते. जबाब म्हणजे पोलिसांसमोर आणि कोर्टात लोकांनी दिलेले. आमच्या डोंगरातल्या माणसांचे. मी स्वतः पावरा. तोरणमाळच्या अलीकडे, रस्ता सोडून दीड तास चालल्यावर आमचा पाडा लागतो. घरात पावरी बोलतात, खाली बाजारात अहिराणी चालते आणि मराठी शाळेत भेटते. आश्रमशाळेतलं पहिलं वर्ष मी जवळजवळ काहीच बोलले नाही. शिक्षकांनी शेरा लिहिला, 'मुलगी अबोल आहे.' घरी मला बडबडी म्हणायचे. सुट्टीत घरी गेले की मी बडबडी व्हायचे, जूनमध्ये परत अबोल.

कोर्टातल्या एका कारकुनाला मी पावरी बोलते हे कळलं होतं. डोंगरातला साक्षीदार आला की तो मला बोलवायचा. साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी उभं राहायचं, वकिलाचा प्रश्न पावरीत सांगायचा आणि उत्तर मराठीत. दुभाषी म्हणून माझं नाव कागदावर लागायचं. एकदा एका बाईला विचारलं, तो माणूस तुमच्या दारात कसा उभा होता? ती म्हणाली, जू मानेवर घ्यायचं नसलं की बैल उभा राहतो, तसा. मी तसंच मराठीत सांगितलं. न्यायाधीश साहेबांनी टाइप करणाऱ्याला सांगितलं, "लिही, आरोपी संशयास्पद स्थितीत उभा होता." बैल तिथेच गेला. कोणी खोटं बोललं नव्हतं. साहेब भले होते, दुपारी त्या बाईला पाणी मिळालं का हेही त्यांनी विचारलं होतं.

माझा प्रबंध याच्यावरच होता. उत्तर-संरचनावाद हा शब्द मला वर्षभर नीट उच्चारता येत नव्हता, पण त्यातलं म्हणणं मला आश्रमशाळेपासून ठाऊक होतं. माणूस आधी तयार होतो आणि मग भाषा वापरतो असं आपण धरून चालतो. हा वाद मांडणारे म्हणत होते की भाषाच माणसाला एक जागा देते, आणि त्या जागेवर बसला की तो तेवढाच उरतो. चौकीत शिरताना बाई कोणाची तरी आई असते, कोणाशी तरी भांडलेली असते, तिची गाय आजारी असते. बाहेर पडते ती 'फिर्यादी' होऊन. कोणती जागा द्यायची हे ज्याच्या हातात पेन आहे तो ठरवतो, आणि त्या पेनवाल्यालाही कोणीतरी वाक्यं आधीच देऊन ठेवलेली असतात. सत्ता म्हणजे दरडावणं नाही, तयार वाक्य म्हणजे सत्ता, असं मी पहिल्या प्रकरणात लिहिलं होतं. माझे मार्गदर्शक त्या वाक्यावर खूश होते. ते प्रकाशा गावचे, तापीकाठचे. वर्गात अगदी शुद्ध बोलायचे.

वैशाख होता. आमच्याकडे तेव्हा आमचूरचं काम चालतं. कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, फोडी करून खडकावर वाळवायच्या आणि पोत्यात भरून खाली व्यापाऱ्याला द्यायच्या. उतरवायचं काम भाऊ करायचा, पण त्या वर्षी तो गुजरातेतून आला नव्हता. बहीण सासरी. आईने वडिलांना सांगितलं, शेजारच्या कोणाला तरी चढव. वडील चढले. ओढ्यापलीकडच्या जुन्या आंब्याची फांदी मोडली.

त्या वेळी माझा तास चालू होता. उन्हाळ्याच्या परीक्षेआधीचा जादा तास, वर्गात सातआठ मुली. फोन पिशवीत होता, आवाज बंद करून. आई शेजाऱ्याचा फोन घेऊन टेकडीवर गेली, कारण आमच्या पाड्यावर रेंज तिथेच येते. तिने मला फोन केला. पुन्हा केला. मला जीपवाल्यांची माहिती होती, खालच्या दवाखान्यातली नर्स माझ्या ओळखीची होती. मी एक फोन केला असता तर जीप रस्त्यापर्यंत येऊन उभी राहिली असती. आई बराच वेळ टेकडीवर थांबली. मग खाली उतरली. लोकांनी वडिलांना झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलं आणि तिथे ते जीपची वाट बघत राहिले. वडील तिथेच गेले, रस्त्याच्या कडेला.

तास संपल्यावर मी फोन पाहिला. लावला तेव्हा शेजाऱ्याने उचलला. तो म्हणाला, "दवाखान्यात ये." का ते त्याने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. जाताना मी स्टाफरूममध्ये हजेरीपट जागेवर ठेवला, त्यावर सही केली, वेळ घातली. हे मला स्वच्छ आठवतं. दवाखान्यात पोचल्यावर वडिलांचं तोंड पाहिलं ते तितकं आठवत नाही. त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला चीक लागून काळा डाग पडला होता. कैरीचा चीक. तो पुसावा असं मला वाटलं, पण पुसला नाही, कारण कंपाउंडरने सांगितलं होतं की पोलीस येईपर्यंत हात लावू नका.

झाडावरून पडून माणूस गेला की पोलिसांना नोंद करावी लागते. पंचनामा झाला. मग चौकीतला हवालदार जबाब घ्यायला बसला. दवाखान्याच्या व्हरांड्यात टेबल ओढलं, एका बाजूला तो, समोर बाकावर आई आणि मी. पन्नाशीचा माणूस, चष्मा दोऱ्याने बांधलेला. बोलायचा अहिराणी, लिहायचा मराठी.

"माय, तुले मराठी येस का?" त्याने आईला विचारलं.

आई काही बोलली नाही. मी म्हटलं, "नाही. ती पावरी बोलते. मी सांगते."

"मंग बरं शे. तू सांग, मी लिखस."

त्याने आधी वरचा मजकूर लिहून घेतला. नाव, वय, धंदा. धंदा 'घरकाम' लिहिला. मी म्हटलं, शेती. त्याने खोडून 'शेतमजुरी' लिहिलं. मग त्याने विचारलं, काय झालं ते सांग म्हणा.

मी आईला विचारलं. आई बोलायला लागली. मी इथे तिचं बोलणं मराठीत लिहिते आहे, म्हणजे हेही भाषांतरच आहे, पण आता मला जमेल तेवढं पूर्ण.

ती म्हणाली, "सकाळी उठला. बैलाला पाणी दाखवलं. मी भाकर टाकत होते. मी म्हटलं, तू चढू नको, तुझे गुडघे आता झाडाचे राहिले नाहीत. तो हसला. भाकर न खाता गेला. मी ओरडले. त्याने हात हलवला, मागे न बघता, असा. मग झाडाचा आवाज आला, त्याचा आला नाही. मी त्याच्यावर रागावले आहे. या लिहिणाऱ्याला सांग माझी तक्रार आहे. त्याच्यावर आहे. आणि तुझ्यावर आहे. मी टेकडीवर उभी होते, पाय भाजले, तू उचलला नाहीस. तुझ्यावर आहे."

हे सगळं ती एका सुरात म्हणाली. रडली नाही. समोर भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता, त्याच्याकडे बघत होती.

हवालदाराने पेन उचलून धरलं होतं. मी सांगितलं, "सकाळी पती कैऱ्या उतरवायला गेले. चढू नका म्हणून सांगितलं होतं. झाडावरून पडले. आवाज ऐकून ती धावत गेली."

त्याने लिहिलं. मग मान वर केली. "आखो काय म्हनी ऱ्हायनी? ती तं खूप बोलनी."

तो थांबला होता. हे मला नक्की आठवतं. त्याला घाई नव्हती. पेनाचं टोक कागदापासून बोटभर वर होतं आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी म्हटलं, "काही नाही. तेच पुन्हा पुन्हा."

"कोणावर शंका, तक्रार?"

"नाही."

त्याने खालचं भराभर लिहिलं. ते त्याला पाठच होतं. मलाही होतं, मी तसे कितीतरी जबाब वाचले होते. 'माझे पती यांच्या मरणाबाबत माझी कोणाविरुद्ध काहीएक तक्रार अगर संशय नाही. सदरचा जबाब माझी मुलगी हिने मला आमच्या बोलीभाषेत समजावून सांगितला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' मी आईला म्हटलं, अंगठा दे. तिने माझ्याकडे बघितलं, मग अंगठा दिला. शाई पुसायला चिंधी नव्हती. तिने भिंतीला पुसली.

पुढचे दिवस आले आणि गेले. भाऊ आला. विधी झाले. मी पाहुण्यांना चहा दिला, लाकडं आणली, कोणी गळ्यात पडून रडलं तर त्यांची पाठ थोपटली. एक म्हातारी म्हणाली, पोरगी शिकली आणि दगड झाली. ते मला लागलं नाही. ती ज्या वेळी म्हणाली त्या वेळी मी तिच्या वाक्याची रचना बघत होते. आईने मला कामं सांगितली, पण त्यापलीकडे ती माझ्याशी काही बोलली नाही. मी ते दुःखाच्या नावावर टाकलं.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. भाऊ गुजरातेत परत गेला, आई पाड्यावर एकटी राहिली. मार्गदर्शकांनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची पुढे केली. म्हणाले, "तुम्हाला सुचवावं की नाही, कळत नाही. पण तुमच्या आईंचा जबाब... तुम्ही स्वतः तिथे होता. असं साहित्य कोणाला मिळत नाही. जमेल का?"

मी म्हटलं, "जमेल."

खरंच जमलं. मी अर्ज करून प्रत काढली आणि चौथं प्रकरण लिहिलं. एका बाजूला जबाब छापला, दुसऱ्या बाजूला आई मुळात काय बोलली ते आठवून मांडलं. भाकर, बैल, हललेला हात. माझ्यावरच्या तक्रारीपाशी आले तेव्हा मी लिहिलं, 'तसेच तिने कुटुंबातील अन्य व्यक्तीबद्दलही नाराजी व्यक्त केली.' आणि निष्कर्ष काढला की 'काहीएक तक्रार नाही' या साच्यात पत्नीचा राग बसत नाही. साचा तो राग गिळतो आणि एक शांत, तक्रार नसलेली विधवा तयार करून बाहेर सोडतो. तिला स्वतःची भाषा होती, राज्याच्या भाषेत ती मूक झाली. हे लिहिताना माझी झोप चांगली लागत होती, जेवण जात होतं. कधी नव्हे ते पानामागून पान होत होतं.

विद्यापीठात त्या प्रकरणावर सादरीकरण झालं. पंधरावीस माणसं होती. मी तो जबाब वाचला तेव्हा हॉलमध्ये अगदी शांत झालं. एक बाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या. नंतर त्या जवळ आल्या, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "किती कठीण असेल हे तुमच्यासाठी. ज्यांचा आवाज कधीच ऐकला गेला नाही त्यांना तुम्ही आवाज दिलात." मी आभार मानले. मग जेवणाच्या रांगेत उभी राहिले. मठाची उसळ होती. माझ्या पानात वाढणाऱ्याने विचारलं, अजून? मी म्हटलं, चालेल. हवालदाराचं वर धरलेलं पेन मी प्रकरणात कुठेही लिहिलं नव्हतं. पेन थांबलं होतं असं लिहिलं की साचा राग गिळतो हे वाक्य उभं राहत नाही. साच्याने काही गिळायच्या आधीच मी ते गिळलं होतं. हे मला रांगेत उभ्याउभ्या कळलं, की आधीपासून माहीत होतं, ते सांगता येत नाही. मी उसळ खाल्ली.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. वनहक्काचा जमिनीचा पट्टा वडिलांच्या नावावर होता, तिथे आईचं नाव लावायचं होतं. त्यासाठी जे कागद गोळा केले त्यात ती जबाबाची प्रत होती. मी अंगणात बसून कागद लावत होते. आई शेजारी ज्वारीची कणसं पसरत होती. ती अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवून म्हणाली, "हा माझा."

"हो."

"काय लिहिलंय वर?"

मी वाचलं. या वेळी ओळ न ओळ पावरीत सांगितलं. आमच्या बोलीत ते विचित्र वाटत होतं, 'काहीएक तक्रार अगर संशय' याला आमच्याकडे शब्द मिळत नव्हते, मी म्हटलं, 'माझ्या मनात कोणाबद्दल काही नाही.' आईने कणसं पसरणं थांबवलं नाही.

"ही कोण बाई आहे?" तिने विचारलं.

"तू."

"मी असं म्हटलं नाही."

"माहीत आहे."

"बाकीचं कुठे गेलं?"

मी म्हटलं, "ते लिहिलं नाही."

"लिहिलं नाही," ती म्हणाली, "की सांगितलं नाहीस?"

कोंबड्या कणसांवर येत होत्या. मी एकदोघींना हाकललं. मग म्हटलं, "सांगितलं नाही."

तिने मान हलवली. रागावल्यासारखी नाही. बाजारात वजन बरोबर निघालं की हलवते तशी. म्हणाली, "उद्या खाली जाऊ. ते लिहून घे म्हणावं."

मी तिला समजावलं. कागद बंद झाला आहे, वर गेला आहे, आता काही बदलत नाही, त्याचा उपयोग काय. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अंगठा माझा आहे ना?"

दुसऱ्या दिवशी उतरलो. रस्त्यापर्यंत चालत, मग जीप. चौकीत तोच हवालदार होता, टेबलावर पेरू कापून खात बसला होता. त्याने आम्हाला ओळखलं.

"बठ माय, बठ. काय काम शे?"

मी सांगितलं, जबाबात काही राहून गेलं आहे, ते लिहून द्यायचं आहे. त्याने चष्मा चढवला. "ते परकरन तं बंद व्हयनं, ताई. आते काय ऱ्हायनं?"

"तक्रार," मी म्हटलं.

तो जरा सावध झाला. पेरू बाजूला सरकवला, हात पुसले. "कोनावर?"

"वडिलांवर."

"तुन्हा बापवर? जो मरी गया त्यावर?"

"हो."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग आईकडे. "मरेल मानूसवर तक्रार कशी लेवानी? कोनतं कलम लावू?" हे त्याने चेष्टेने म्हटलं नाही, खरंच विचारत होता. मी आईसाठी ते पावरीत सांगायला तोंड उघडलं. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्याला थेट म्हणाली,

"कलम नको लावू, भाऊ. फकत लिख. मी त्याले सांगं व्हतं चढू नको. त्यानी ऐकं नई."

अहिराणीत. जरा जड, शब्द तोडून, पण सरळ.

हवालदार मोठ्याने हसला. "अरे! माय, तुले तं आमनी बोली येस!"

"चाळीस वरीस बजारमा आमचूर इकस," आई म्हणाली. "येस नई तं काय?"

मी बाकावर बसले होते. मला काही काम उरलं नव्हतं. हवालदाराने एक कोरा कागद काढला, वर 'अर्ज' लिहिलं, आणि ती बोलत गेली तसं लिहीत गेला. अडलं की तो विचारायचा, ती हाताने दाखवायची. बैलाचं सांगितलं, भाकरीचं सांगितलं. तिची अहिराणी बाजारातली होती, तीत वजनाचे, घासाघिशीचे शब्द जास्त. नवऱ्याने मागे न बघता हात हलवला हे सांगताना तिला शब्द मिळाला नाही, तिने नुसता हात हलवला. हवालदाराने ते बघितलं आणि काय लिहावं याचा विचार केला. मग लिहिलं, 'हाताने इशारा करून निघून गेले.'

मग ती म्हणाली, "आन् पोरले फोन कया. तिनी उचला नई. तिन्हावर बी शे."

त्याचं पेन थांबलं. त्याने माझ्याकडे बघितलं. "ताई, हे बी लिखू?"

"ती सांगते आहे ते लिहा," मी म्हटलं.

त्याने लिहिलं. 'मयताची मुलगी हिस फोन केला असता तिने तो घेतला नाही. त्याबाबत माझी नाराजी आहे.' त्याने तक्रार शब्द वापरला नाही. सवयीने की माझ्याकडे बघून, मला सांगता येणार नाही. मी दुरुस्त करायला सांगितलं नाही. त्याने तो अर्ज आईला अहिराणीत वाचून दाखवला, तिने अंगठा दिला, त्याने आवक शिक्का मारून दुसरी प्रत तिच्या हातात दिली. तिने ती घडी घालून कमरेला खोचली. मग त्याने उरलेला पेरू आमच्यापुढे केला. आईने एक फोड घेतली.

परतीच्या जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर होतो. बाजूला सिमेंटची पोती. मी तिला विचारलं, "त्या दिवशी दवाखान्यात, मी त्याला काय सांगते ते तुला कळत होतं?"

"हो."

"'काही नाही' म्हटलं ते?"

"हो."

"मग तू का नाही बोललीस?"

ती बाहेर बघत होती. म्हणाली, "तू बोलत होतीस. मला वाटलं, आता सांगेल. मग वाटलं, अंगठा देईपर्यंत सांगेल."

घाट चढायला लागला तशी पोती मागे सरकली, आम्ही पाय वर घेतले.

चाळीस वर्षं ती दर आठवड्याला त्या बाजारात उतरत होती. तिथला दुकानदार राजस्थानकडचा, तो हिंदीमिश्रित अहिराणी बोलतो आणि आई त्याच्याशी दरावरून भांडते. लहानपणी मी तिचं बोट धरून तिथे उभी असायचे. मी ते ऐकलं असणारच. पण प्रबंधात मी तिला एकच भाषा दिली होती, पावरी, आणि राज्याच्या भाषेपुढे मूक करून ठेवलं होतं. तशी ती माझ्या मांडणीत नीट बसत होती. दवाखान्यात तिला मराठी येते का हा प्रश्न हवालदाराने तिला विचारला होता. उत्तर मी दिलं होतं.

हे सगळं मी मार्गदर्शकांना सांगितलं आणि चौथं प्रकरण पुन्हा लिहून दिलं. हवालदाराचं पेन, माझं 'काही नाही', फोन, अर्ज, सगळं. त्यांनी आठवडाभर ठेवून घेतलं. मग म्हणाले, "प्रामाणिक आहे. पण हा कबुलीजबाब झाला हो. विश्लेषण कुठे आहे? 'मी' किती वेळा आलंय बघा." पुढे म्हणाले, "यातली दुभाष्याची बाजू मात्र महत्त्वाची आहे. ती ठेवू. तटस्थपणे मांडा."

मी तटस्थपणे मांडली, नावं आणि नाती गाळून. 'सदर जबाबात दुभाष्याने दोन विधाने वगळल्याचे दिसून येते.' असं ते वाक्य झालं. 'दिसून येते' ने काय होतं हे मला माहीत आहे, मी त्यावर वर्गात एक पूर्ण तास घेते. कोणाला दिसून येतं, कोणी वगळलं, सगळं त्या क्रियापदाच्या मागे जाऊन बसतं. मी तासभर त्या वाक्यासमोर बसले आणि ते तसंच ठेवलं. अर्जाची प्रत मी परिशिष्टात जोडली नाही. आईने ती दिलीही नसती. तिने ती पत्र्याच्या डब्यात वडिलांच्या आधार कार्डाबरोबर ठेवली आहे.

आईशी माझं आता बोलणं होतं. ती माझ्यावर रागावलेली आहे का, ते मी विचारलेलं नाही. लिहून झाल्यावर तिचं तिथे संपलं असावं, किंवा नसावं. भाऊ गुजरात सोडून आला आहे, ती त्याच्याशी रोज भांडते. मी गेले की ती मला जेवायला वाढते आणि पाड्यावरच्या बातम्या सांगते. मला कधी रडू आलं नाही. येईल असं वाटून एकदोनदा एकटी बसले होते, पण बसून उठले.

पुढच्या वर्षी तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक साठीचे होते, त्यांनी प्रबंध खरोखर वाचला होता, जागोजागी चिठ्ठ्या लावलेल्या. चौथ्या प्रकरणाशी येऊन त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"इथे दुभाष्याने दोन विधाने वगळली म्हणता. हा दुभाषी प्रशिक्षित होता का?"

"नाही, सर. मयताची मुलगी होती."

"असं होय," ते म्हणाले. "मग स्वाभाविक आहे. घरचा माणूस भावनेच्या भरात असतो." त्यांनी चिठ्ठीवर काहीतरी टिपून घेतलं.

मार्गदर्शक माझ्याकडे बघत नव्हते. ते आपल्या प्रतीची पानं चाळत होते. मी काही म्हणेन म्हणून परीक्षक जरा थांबले. मग त्यांनी पान उलटलं आणि विचारलं की संदर्भसूचीत एकाच लेखाचे दोन वेगवेगळे पृष्ठक्रमांक का दिले आहेत. मी म्हटलं, ती माझी चूक आहे, दुरुस्त करते.